रॉबिन काढून टाकला तर बॅटमन कुणाशी बोलेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिरगावात रात्री गस्त घालणारा एक नायक आणि त्याच्यासोबत चौदा वर्षांची एक मुलगी, अशी चित्रकथा तुम्ही लिहिताय. चार जणांना वाचायला दिलीत, तर चौघंही म्हणाले की मुलगी काढून टाक, ती नुसती मागे मागे फिरते. शिवाय तुम्हाला स्वतःलाच एक गोष्ट टोचतेय. कोवळ्या पोरीला गुंडांसमोर उभं करणाऱ्या माणसाला भला माणूस कसं म्हणायचं? बॅटमन आणि त्याचा बालसाथीदार रॉबिन यांच्या लेखकांनी हे कसं निभावलं आणि त्यातलं नेमकं काय वाचावं, हे तुम्हाला हवंय.

मी पंचवीस वर्षं चित्रकथा लिहितेय, काढतेय, आणि गेली काही वर्षं शिकवतेही आहे. तुमची सहा पानं दोनदा वाचली. माझं मत आधीच सांगून टाकते: मुलीला काढू नका, तिला काम द्या. तिच्या वाट्याला चार ठोसे जास्त दिले म्हणजे काम दिलं असं होत नाही. तुमच्या नायकाला एकट्याने जे करताच येणार नाही, ते तिच्यामुळे त्याच्या हातून घडलं पाहिजे. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत रॉबिन जेव्हा जेव्हा जमलाय, तेव्हा तो यामुळेच जमलाय.

सुरुवातीपासून बघा. मे १९३९च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात बॅटमन पहिल्यांदा आला. चित्रं बॉब केन यांची, गोष्ट बिल फिंगर यांची. तो अंक धरून पुढचे अकरा अंक तो एकटाच होता. आता, रात्री एकटा फिरणारा माणूस चित्रात छान दिसतो, पण लिहिणाऱ्याची पंचाईत होते. त्याला काय सुचलं, कशाचा संशय आला, पुढे कुठे जायचं ठरलं, हे वाचकाला कळणार कसं? मग प्रत्येक पानावर विचारांचे फुगे काढत बसायचं. फिंगर यांनी नंतर सांगितलंय की याच गोष्टीचा त्यांना कंटाळा आला होता. शेरलॉक होम्सला वॉटसन होता, बॅटमनला बोलायला कुणीच नव्हतं. केन यांच्याशी याबद्दल बोलता बोलता एका मुलाची कल्पना पुढे आली. जेरी रॉबिन्सन तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते आणि केन यांच्याकडे चित्रांना शाई करायचे. लहानपणी पाहिलेली रॉबिन हूडची चित्रं त्यांच्या डोक्यात होती, त्यावरून नाव आणि अंगरखा सुचला. रॉबिन पक्ष्याशी त्या नावाचा संबंध मागाहून जोडला गेला. लहान मुलाला गुंडांशी लढताना दाखवायला प्रकाशकांचं मन धजत नव्हतं, अशी केन यांची आठवण आहे. म्हणजे तुम्हाला टोचतंय ते पहिल्या दिवसापासून टोचतंय.

एप्रिल १९४०चा ३८वा अंक कुठे पाहायला मिळाला तर मुखपृष्ठासमोर दोन मिनिटं थांबा. बॅटमनने सर्कशीतलं कागद लावलेलं कडं हातात धरलंय आणि तो कागद फाडून एक पोरगा थेट आपल्या अंगावर उडी घेतोय. बॅटमनच्या चेहऱ्याकडे बघा. तो हसतोय! आधीचा बॅटमन म्हणजे काळोखातून झडप घालणारी आकृती. मुलगा शेजारी आला आणि त्याच क्षणी या माणसाला हसू फुटलं. रॉबिनने केलेलं पहिलं काम हे आहे, आणि ते गोष्ट उघडण्याआधीच झालेलं आहे.

आतली गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. डिक ग्रेसन म्हणजे पहिला रॉबिन. त्याचे आईवडील झोक्यांवरचे कसरतपटू. सर्कसमालक खंडणी देत नाही म्हणून गुंड दोरांवर आम्ल टाकतात, दोर तुटतात आणि मुलाच्या डोळ्यांदेखत दोघं खाली कोसळतात. ब्रूस वेनचे, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमनचेही, आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेले होते. पुढे एका चौकटीत मेणबत्तीच्या उजेडात दोघं शपथ घेतात की गुन्हेगारी आणि भ्रष्टाचाराविरुद्ध एकत्र लढू, सन्मार्ग सोडणार नाही. मी शिकवताना ही चौकट फळ्यावर लावते आणि मुलांना विचारते, यात कोण कुणाला सांभाळतंय? पहिल्यांदा सगळे म्हणतात, मोठा लहानाला. थोड्या वेळाने एखादी मुलगी हळूच म्हणते, मॅडम, त्या मोठ्यालाच कुणीतरी हवं होतं. बस, हे कळलं की पुढची ऐंशी वर्षं कळली.

आता चित्रकाराच्या बाजूने एक गोष्ट, कारण ती पुस्तकी चर्चेत सहसा येत नाही. लोक विचारतात, रात्री चोरांच्या मागावर जाणाऱ्या मुलाला लाल अंगरखा, हिरवी चड्डी आणि पिवळाधमक शेला कशाला? तेव्हाची छपाई स्वस्त, खरबरीत कागदावर चार शायांत व्हायची: निळी, किरमिजी, पिवळी, काळी. बॅटमन म्हणजे काळ्या-निळ्या-राखाडी रंगाचा मोठा डाग. रात्रीच्या पार्श्वभूमीवर तो विरघळून जातो, आणि तसा तो जावा अशीच कल्पना असते. पण मग वाचकाची नजर कुठे टेकणार? ती पिवळ्यावर टेकते. छोट्या चौकटीत सहा गुंड, तुटलेलं टेबल, उडणाऱ्या खुर्च्या असं सगळं कोंबलं तरी रॉबिन आधी दिसतो, आणि तो जिकडे बघतोय तिकडे बॅटमन सापडतो. शिवाय छातीपर्यंत पोचणारा मुलगा शेजारी उभा केला की मोठा माणूस खऱ्या अर्थाने मोठा दिसतो. एकट्या आकृतीची उंची वाचकाला कळत नाही, काढून बघा. तुमच्या पानांवर दोघांनाही करडे कपडे आहेत आणि मुलगी नायकाच्या कानाला लागतेय. ‘ती नुसती मागे फिरते’ असं चौघांना वाटलं, त्याचं अर्धं कारण गोष्टीत नसून रंगात आणि उंचीत आहे.

उरलेलं अर्धं कारण मात्र गोष्टीत आहे, आणि मी स्वतः तिथेच ठेचकाळले होते. माझी पहिली मालिका मुलांच्या एका मासिकात यायची. शोध लावणारा काका आणि त्याचा पुतण्या. आठ भाग झाल्यावर संपादकांनी मला बोलावलं, एक भाग समोर ठेवला आणि म्हणाले, पुतण्याच्या प्रत्येक फुग्यावर अंगठा ठेव आणि गोष्ट वाच. मी वाचली. काहीच अडलं नाही. “आता काय करायचं, काका?” आणि “सावध राहा, काका!” एवढंच तो आठ भाग बोलत होता. त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण तो मुलगा मला मनापासून आवडायचा आणि मीच त्याला मुका करून ठेवला होता. तेव्हापासून माझी कुठलीही जोडगोळी असली की छापायला देण्याआधी मी अंगठा ठेवून वाचते. तुमच्या सहा पानांवरही ठेवला. पाचव्या पानावरच्या एकाच जागी गोष्ट अडते. तिच्याबद्दल शेवटी सांगते.

आता तुमच्या टोचणीकडे येऊ. रॉबिन चालला, अंकाची विक्री जवळपास दुप्पट झाली असं सांगतात, आणि मग ज्याला त्याला पोर हवं झालं. कॅप्टन अमेरिकाला पहिल्याच अंकात, मार्च १९४१ला, बकी मिळाला; ग्रीन अ‍ॅरोला त्याच वर्षी स्पीडी. तेव्हा वाचक मुलं होती आणि कुणी मरत नव्हतं, म्हणून प्रश्न झाकलेला राहिला. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्सविरुद्ध पुस्तक लिहून बॅटमन-रॉबिनच्या एकत्र राहण्यातून समलैंगिकता सुचवली जाते असा आरोप केला, त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. वर्थम यांचा आरोप मला पटत नाही. खरा प्रश्न, म्हणजे या मुलाला इजा झाली तर जबाबदार कोण, तो त्या गदारोळात बाजूलाच पडला.

तो प्रश्न समोर आला १९८८मध्ये, आणि फार क्रूर रीतीने आला. तोवर डिक मोठा होऊन स्वतःच्या पायावर उभा राहिला होता आणि रॉबिनचा पोशाख जेसन टॉड या दुसऱ्या मुलाकडे होता. १९८७मध्ये त्याची गोष्ट नव्याने सांगितली गेली, त्यात तो रस्त्यावर वाढलेला, बॅटमनच्याच गाडीची चाकं काढून नेणारा पोरगा आहे. तापट, न ऐकणारा. बऱ्याच वाचकांना तो आवडेना. संपादक डेनिस ओ’नील यांनी निर्णय वाचकांवर सोपवला. ‘बॅटमन’च्या ४२७व्या अंकात बॅटमनचा कट्टर शत्रू जोकर जेसनला लोखंडी पहारीने मारतो, मग स्फोट होतो, आणि शेवटी दोन फोन नंबर छापलेले. एका नंबरवर फोन केला तर मुलगा जगणार, दुसऱ्यावर केला तर मरणार. एका फोनला पन्नास सेंट. जगावा म्हणणारे ५,२७१, मरावा म्हणणारे ५,३४३. बहात्तर मतांनी एक मुलगा गेला. लेखक जिम स्टारलिन, चित्रकार जिम अपारो. तो वाचला तर छापायला म्हणून दुसरं पानही काढून तयार होतं. ४२८व्या अंकात बॅटमन ढिगाऱ्यातून त्याचा देह उचलून आणतो.

मी ते मतदान कधीच मान्य करू शकले नाही. पण चित्रकथा लिहिणारी म्हणून मला त्यानंतरचं जास्त शिकवून गेलं. बॅटमनच्या गुहेत, म्हणजे त्याच्या गुप्त अड्ड्यात, काचेचं कपाट उभं राहिलं आणि त्यात रॉबिनचा रिकामा पोशाख. आणखी एक गंमतीची नव्हे, अंगावर काटा आणणारी गोष्ट: फ्रँक मिलर यांच्या १९८६च्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये म्हाताऱ्या बॅटमनच्या आठवणीत जेसन आधीच मेलेला होता. म्हणजे मतदानाच्या दोन वर्षं आधी एका लेखकाला जाणवलं होतं की या माणसाच्या खांद्यावर एका मुलाचं ओझं असणारच. १९८८नंतर ते कपाट शेकडो अंकांच्या पार्श्वभूमीला दिसत राहतं. कुणी त्याच्याबद्दल बोलत नाही, चित्रकार फक्त एका कोपऱ्यात ते काढतो. बॅटमन नव्या मुलाला “इथेच थांब” म्हणतो तेव्हा मागे ते कपाट असलं, तर एक अक्षरही जास्त लिहावं लागत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की बॅटमनला ‘भला माणूस’ ठरवून मोकळं व्हायचा प्रयत्न चांगल्या लेखकांनी केलाच नाही. त्यांनी त्याच्या हातून चूक होऊ दिली, ती त्याला कळू दिली, आणि तरी पुढे त्याच्या दारात आणखी एक मूल आणून उभं केलं. तुमचा नायक निर्दोष असायला हवा हा हट्ट सोडा. मुलीला रात्री बाहेर नेताना त्याच्या पोटात गोळा येतोय, हे दिसू द्या. वाचक त्याला माफ करील की नाही, ते वाचकाला ठरवू द्या.

टिम ड्रेकची गोष्ट मला यातली सगळ्यात हुशार वाटते, आणि तुम्ही लिहायला बसण्याआधी हीच वाचावी असा माझा आग्रह आहे. १९८९ साली मार्व वुल्फमन यांनी लिहिलेली ‘अ लोनली प्लेस ऑफ डाइंग’. जेसन गेल्यावर बॅटमन बेफाम झालाय, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता मार खातोय. टिम हा एक साधा शाळकरी मुलगा. फार लहानपणी त्याने सर्कशीत ग्रेसन कुटुंबाची हवेतली चौपट कोलांटी पाहिली होती. पुढे टीव्हीवर रॉबिनला तीच कोलांटी मारताना पाहिलं आणि त्याने ओळखलं की हा डिक, म्हणजे बॅटमन कोण तेही उघड झालं. इतकी वर्षं तो गप्प राहिला. आता बॅटमनचा तोल जाताना दिसतो तेव्हा तो डिककडे जाऊन सांगतो की पुन्हा रॉबिन हो, बॅटमनला रॉबिनची गरज आहे. डिक तयार होत नाही, आणि दोघांचा जीव धोक्यात येतो तेव्हा टिम स्वतः तो पोशाख घालतो.

बारकाईने बघा इथे काय उलटलंय. डिकला बॅटमनने उचललं, जेसनलाही त्यानेच उचललं. टिमला कुणी बोलावलेलं नाही. तो काळजीपोटी स्वतः आलाय. मुलाला धोक्यात का नेलं, हा प्रश्न कायम राहतो, पण आता ‘नको’ म्हणणारा बॅटमन आहे आणि समोर बसून समजावणारा मुलगा आहे. साथीदार मागे मागे फिरतो ही तक्रार एका फटक्यात संपते. पुढे त्याला पोशाखही शहाणा मिळाला. नील अ‍ॅडम्स यांनी आखलेल्या त्या पोशाखात पहिल्यांदा उघडे पाय झाकले गेले, शेला बाहेरून काळा आणि आतून पिवळा झाला. छपाई सुधारली होती, आता सतत पिवळं दाखवायची गरज उरली नव्हती. हवं तेव्हा शेला उघडला की नजर तिथे जाते.

डिकच्या मोठं होण्याबद्दल फार लिहीत नाही. १९६९च्या शेवटी तो घर सोडून कॉलेजला गेला, १९८४मध्ये वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या हातून नाइटविंग नावाचा स्वतंत्र नायक झाला. एवढं ध्यानात ठेवा की चेला मोठा होऊ शकला म्हणून ही जोडी म्हातारी झाली नाही. स्टेफनी ब्राउनलाही २००४मध्ये थोडे दिवस रॉबिन केलं, पण तिच्या वाट्याला धड गोष्टच आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. मुलगी रॉबिन कशी शोभते हे मिलर यांच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मधल्या कॅरी केलीत बघा. तेरा वर्षांची आहे, आणि थकलेल्या म्हाताऱ्याला उचलून घरी नेण्याचं बळ तिच्यात आहे. तुमच्या मुलीची खरी मोठी बहीण तीच. वाचकांमध्ये एक म्हण होती की बकी, जेसन आणि स्पायडरमॅनचे अंकल बेन सोडले तर कॉमिक्समध्ये कुणीच मेलेलं राहत नाही. २००५मध्ये बकी आणि जेसन दोघेही परत आले, आणि दोघेही गुरूसमोर शत्रू म्हणून उभे राहिले. इथे नवल वाटायला नको. ज्याला आपण वाचवू शकलो नाही, तोच हिशेब मागायला येतो.

मग डेमियन, ब्रूसचा सख्खा मुलगा, २००६मध्ये ग्रँट मॉरिसन यांनी आणलेला. मारेकऱ्यांमध्ये वाढलेला, उर्मट, दहा वर्षांचा. २००९मध्ये मॉरिसन आणि चित्रकार फ्रँक क्वाइटली यांनी ‘बॅटमन अँड रॉबिन’मध्ये जोडीच उलटी केली. ब्रूस नाही, डिक बॅटमन झालाय आणि डेमियन रॉबिन. म्हणजे हसरा बॅटमन आणि आठ्या घातलेला रॉबिन. एकदा चेला राहिलेला माणूस गुरू होतो तेव्हा काय काय वेगळं करतो, हे त्यात फार सुंदर दिसतं. डिक ओरडत नाही, वाट बघतो. आपल्याला कुणी काय दिलं नव्हतं, हे त्याला आठवत असतं.

२०१३मध्ये डेमियन मारला गेला. त्यानंतरचा ‘बॅटमन अँड रॉबिन’चा १८वा अंक, पीटर टोमासी आणि पॅट्रिक ग्लीसन यांचा, मी दर वर्षी वर्गात फिरवते. पानांमागून पानं फुगाच नाही. कुणीही बोलत नाही. वाचायला मिळतं ते फक्त मुलाने बापासाठी लिहून ठेवलेलं एक पत्र. आता १९४० आठवा. बॅटमनला बोलायला कुणी हवं म्हणून फिंगर यांनी रॉबिन मागितला होता. रॉबिन गेला आणि अख्ख्या अंकातून बोलणंच गेलं. लेखकांनी हे जाणूनबुजून जोडलं की नाही, त्याने काही फरक पडत नाही. तो अंक वाचताना त्या शांततेचा आवाज ऐकू येतो.

वाचायचा क्रम विचारलात तर, आधी टिमची ती गोष्ट, मग जेसनची, मग क्वाइटलीचे पहिले तीन अंक, आणि शेवटी हा अठरावा. डिकची सुरुवात आजच्या हाताने लिहिलेली हवी असेल तर ‘रॉबिन: इयर वन’ घ्या. १९४०चा मूळ अंक संग्रहात मिळतो, तो पाहायलाच हवा. १९६६च्या टीव्ही मालिकेवर वेळ घालवला नाहीत तरी चालेल. तिची गंमत वेगळी आहे, तुमच्या कामाची नाही.

आता तुमचं पाचवं पान. नायक चाळीच्या जिन्यात बसलाय, हाताला लागलंय, आणि मुलगी रुमाल बांधताना म्हणते, “मागच्या वेळी पण हाच हात होता.” अंगठा ठेवला तर फक्त इथे गोष्ट अडली. त्या एका वाक्यात ती त्याच्यावर लक्ष ठेवून आहे, मोजते आहे, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं, हे सगळं येतं. पण तुम्ही लगेच पुढच्या चौकटीत त्याला “चल, उशीर होतोय” म्हणायला लावलंय. तो फुगा काढा. ती चौकट दुप्पट उंच करा, दोघांना जिन्याच्या दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसवा, तिला वरच्या पायरीवर, म्हणजे एकदाच का होईना ती त्याच्यापेक्षा उंच दिसेल. रुमालाला रंग द्या, अख्ख्या पानावर तेवढाच. पहिली चार पानं नंतर, या पानावरून मागे जात पुन्हा लिहा.